हेल्थ कुठून मिळते?

‘चांगला शूटर सुचवा’ म्हटलं की बंदुका किती, ग्राफिक्स कसे आणि ऑनलाइन गर्दी केवढी, एवढ्यावर तुलना उरकली जाते. जखमी खेळाडूला हेल्थ परत मिळते कुठून, हे कुणी विचारत नाही. फर्स्ट पर्सन शूटरचा निम्मा स्वभाव तिथेच ठरतो, आणि अलीकडे या प्रश्नाला सर्वांत धीट उत्तर दिलं आहे ते ‘अल्ट्राकिल’ने.

फिनलंडच्या आर्सी पाटाला यांचा हा गेम २०२० पासून अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला आहे. दिसायला जुन्या कन्सोलवरच्या गेमसारखा ठोकळेबाज. नियम एवढाच, की शत्रूच्या अंगातून उडणारं रक्त जवळ जाऊन अंगावर घेतलं तरच हेल्थ भरते. म्हणजे जीव जायची वेळ आली की मागे पळायचं नाही, आणखी आत घुसायचं. त्यात हवेत नाणं उडवायचं, त्यावर गोळी झाडायची, की ती नाण्यावरून वळून थेट शत्रूला लागते. आपल्याच शॉटगनमधून सुटलेल्या छऱ्यांना ठोसा मारून त्यांचा जोर वाढवता येतो. सुरुवातीला बोटं अडखळतात. मग हळूहळू खोलीतला प्रत्येक खांब, प्रत्येक कठडा उपयोगाचा वाटू लागतो. भीतीचं रूपांतर चपळाईत करणारा इतका शुद्ध नियम या प्रकारात फार क्वचित सापडतो.

याचं मूळ अर्थातच १९९३ च्या ‘डूम’मध्ये आहे. तिथे हेल्थ जमिनीवर पडलेली असायची, त्यामुळे ती नेमकी कुठे ठेवायची याचा विचार लेव्हल बांधणाऱ्याला करावाच लागे. जॉन रोमेरोच्या पहिल्याच लेव्हलमध्ये खिडकीबाहेर, विषारी डबक्याच्या मधोमध निळं चिलखत दिसतं. तिकडे जायची वाट मात्र लपवलेली. खेळाडू नकाशा वाचायला शिकतो तो त्या खिडकीपाशी.

२००५ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी २’ने हे मोडलं. आडोशाला थांबा, हेल्थ आपोआप भरेल. मग कुठलीही भिंत चालते आणि जागेचा अर्थच जातो. ‘टायटनफॉल २’मध्येही हेल्थ आपोआप भरते, पण तो गेम खेळाडूला भिंतींवरून धावायला लावतो. मनगटावरच्या यंत्राने काळ बदलायची त्याची लेव्हल आठवावी. एका क्षणी उद्ध्वस्त, जळती प्रयोगशाळा, दुसऱ्या क्षणी तीच झगझगीत, पहारेकऱ्यांनी भरलेली. वर्तमानात नसलेली भिंत भूतकाळात असते, म्हणून उडी मारल्यावर अधांतरी असतानाच काळ बदलावा लागतो. २०१६ मध्ये ‘बॅटलफील्ड १’ आणि नवा ‘कॉल ऑफ ड्यूटी’ यांच्या बेचक्यात हा गेम बाजारात आणला गेला आणि त्याची उपेक्षा झाली.

‘काउंटर-स्ट्राइक २’ आणि ‘व्हॅलोरंट’ हे खेळ आहेत, त्यांची चर्चा क्रीडापानावर व्हावी. ‘डूम: द डार्क एजेस’ भरभक्कम आहे, पण ढालीच्या ओझ्याने मंदावलेला. डेव्हिड शिमान्स्कीचा ‘डस्क’ मात्र कुणीही आधी घ्यावा. २०१८ चा हा गेम मुख्यतः एका माणसाने केला, आणि त्याच्या गुरुत्वाकर्षण फिरवणाऱ्या लेव्हलच्या जवळपासही मोठ्या कंपन्यांचं अलीकडचं काम जात नाही.

आणि त्या कंपन्या करतात काय? २०२३ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर ३’च्या मोहिमेत त्याच मालिकेतल्या ‘वॉरझोन’ या ऑनलाइन गेमचा मोकळा नकाशा तुकड्यांनी वापरून त्यालाच मिशन म्हणायचं. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि दोन आठवड्यांत बंद झाला. सर्व्हर बंद म्हणजे गेम संपला, त्यातलं बरं-वाईट तपासायलाही काही उरत नाही. ‘डूम’चा कोड १९९७ मध्ये खुला झाला आणि लोक आजही त्यासाठी नवे नकाशे बांधतात. २०२३ मध्ये आलेला ‘माय हाउस’ हा चाहत्याने केलेला नकाशा साध्या घरासारखा सुरू होतो आणि त्याच घराच्या खोल्या हळूहळू खेळाडूला फसवू लागतात. ‘लोकांना एकट्याने खेळायचे शूटर नकोत’ म्हणणाऱ्यांनी तो एकदा खेळावा.

हा वाद पुण्यापर्यंत येतो. पुण्याच्या सुपरगेमिंगने ‘मास्कगन’ केला, २०२४ मध्ये ‘इंडस’ आणला. पुण्याच्याच डॉट नाइनचा ‘फौजी: डॉमिनेशन’ २०२५ मध्ये आला. तंत्र या लोकांना येतं, यात शंका नाही. पण भारतीयपणा पात्रांच्या वेशात आणि स्किनमध्ये ठेवायचा आणि खेळाचा सांगाडा परदेशी बॅटल रॉयालचा किंवा टीम डेथमॅचचा घ्यायचा, हे कशासाठी? बाजार मोबाइलचा आहे, पैसा बॅटल पासमधून येतो, हे उत्तर हिशेबनीसाचं झालं. ‘डस्क’ला शेकडो माणसं लागली नाहीत. रायगडाच्या चोरवाटा, पुण्यातल्या वाड्यांचे चौक आणि भुयारं या शहरातल्या डिझायनरांना शिकवावी लागत नाहीत. त्यातली एखादी जागा नीट बांधून, तिच्यात हेल्थ कुठे ठेवायची हे ठरवायला दोन-तीन माणसं वर्षभर मोकळी सोडणं या स्टुडिओंना परवडतं, आणि त्यांनी ते आता करायलाच हवं.