वाडीत बसून वाचलेलं कलम २३

नृसिंहवाडीच्या देवळात प्रदक्षिणा घालणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाकाठी, मनोहर पादुकांसमोर माणसं काय काय घेऊन उभी राहतात! कुणाची महिनोन्‌महिने झोप उडालेली असते, कुणाच्या घरात दारू शिरलेली असते, कुणाची मुलगी अचानक बोलायची थांबलेली असते. घरचे शेजाऱ्यांना सांगतात, "सेवेला गेलाय." एवढ्यावर भागतं. मनाच्या त्रासासाठी दत्तक्षेत्रांचा आसरा घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ती टिकून राहण्याचं एक कारण मला असं वाटतं, की तिथलं सांगणं फक्त देवाला असतं आणि तिथून ते पुढे कुठे जात नाही.

हेच दुःख माणसापुढे मांडायचं म्हटलं की पाय अडखळतो. बाहेरगावाहून आलेल्याला वाडी अनोळखी असते, पण वाडी, कुरुंदवाड, शिरोळ इथं राहणाऱ्याला प्रत्येक वळणावर ओळखीचा चेहरा भेटतो. कोणाची मोटारसायकल कोणाच्या दारात किती वेळ उभी होती, हे संध्याकाळच्या आरतीच्या आत गावभर झालेलं असतं. म्हणून जवळपास कुणी तज्ज्ञ असला तरी बरेच जण मिरज, सांगली, कोल्हापूर गाठतात. ते अंतर त्यांना हवंच असतं. अशा गावात समुपदेशनाची खोली उघडायची, तर खुर्च्या आणि पाटी यांच्याआधी एका प्रश्नाचं उत्तर तयार पाहिजे: इथं बोललेलं कुठे जाईल?

त्या प्रश्नाचं आपल्या देशातलं सर्वांत विचारपूर्वक लिहिलेलं उत्तर मला मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ या कायद्याच्या तेविसाव्या कलमात सापडतं. ७ एप्रिल २०१७ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेला हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. कविता वाचावी तसं कायद्याचं कलम वाचण्याची आपल्याला सवय नाही. हे कलम मात्र तसं सावकाश वाचावं. जेमतेम पानभराचा मजकूर, पण त्यात कोणती गोष्ट आधी आली, कोणती नंतर आणि कोण आलंच नाही, हे पाहत गेलं की लिहिणाऱ्यांची माया दिसू लागते.

सुरुवातच पाहा. वैद्यानं रोग्याचं गुपित राखावं हा नेम ग्रीक हिपोक्रेटिसच्या शपथेइतका जुना. आपल्याकडच्या वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांतही तो आहे. पण तिथे गुपित हा वैद्याच्या सचोटीचा भाग असतो. वैद्य भला असेल तर तोंड मिटून राहील. २३ व्या कलमाचा पहिला भाग वैद्यापासून सुरूच होत नाही. तो आजारी माणसापासून सुरू होतो: गोपनीयता हा त्याचा हक्क आहे. उपचार करणाऱ्यांचं कर्तव्य येतं ते दुसऱ्या भागात, त्या हक्कामागून. आपली माहिती कुणी कृपा म्हणून झाकत नाहीये, ती आपलीच आहे, हे मनानं खचलेल्या माणसाला कायदा पहिल्याच वाक्यात सांगतो.

हा हक्क कशाकशाला लागू आहे? मानसिक आरोग्य, त्यासाठीची सेवा, उपचार, आणि शेवटी शारीरिक आरोग्याची सेवाही. हा शेवटचा शब्दसमूह घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतो. पण लिथियमची गोळी घेणाऱ्या माणसाचा विचार करा. त्याला ठरावीक काळानं रक्तातलं लिथियम तपासावं लागतं, मूत्रपिंड आणि थायरॉईडही पाहावं लागतं. मनाची फाइल कपाटात कुलूपबंद ठेवली आणि प्रयोगशाळेची पावती औषधाच्या दुकानात काउंटरवर पडून राहिली, तर गावातल्या जाणत्या माणसाला कळायचं ते कळतंच. हे ज्याला सुचलं, त्यानं रुग्णाचं आयुष्य जवळून पाहिलेलं असणार.

दुसऱ्या भागात अपवाद येतात, आणि मराठी घराला धक्का बसतो तो इथे. माहिती कोणाला देता येईल त्या यादीत आई नाही, वडील नाहीत, नवरा नाही, सासू नाही. आहे तो नामनिर्देशित प्रतिनिधी. सज्ञान माणसानं साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून स्वतः निवडलेला, आणि मनात आलं तर बदलता येणारा. त्यानं कुणालाच निवडलं नसेल तर कायदा नातेवाइकाकडे वळतो, हे खरं. पण तेव्हाही त्या नातेवाइकाला माहिती मिळते ती प्रतिनिधीचं काम पार पाडण्यापुरती. नातं आहे एवढ्यावर काही मिळत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाचं वेगळं, तिथं पालकच प्रतिनिधी.

आपल्याकडे समुपदेशकाच्या दाराबाहेर हा प्रसंग रोजचा असतो. सुनेला घेऊन आलेली सासू पुढे होते, पदर सावरत हळूच विचारते, "मॅडम, काय म्हणाली ओ ती?" त्यात नेहमी दुष्टावा असतो असं नाही. पुष्कळदा काळजी असते, कधी धास्तीही. समुपदेशिकेनं अशा वेळी म्हणायचं असतं, "काकू, तुमची काळजी कळते मला. पण ते तिचं तिलाच सांगू दे. तिची इच्छा असली तर पुढच्या वेळी तुम्ही दोघीही बसा, तिच्यासमोर बोलू." हे बोलायला हिंमत लागते, कारण फी बहुधा काकूंनीच भरलेली असते. पैसे कोणी दिले यावर माहितीची मालकी ठरत नाही, हे आपल्याकडे अजून मुरायचंय.

पुढचे अपवाद धोक्याचे आहेत, आणि कलमाची खरी कारागिरी तिथे आहे. दुसऱ्या कुणाला इजा होण्याचा धोका असेल तर माहिती देता येते. या अपवादामागे १९७६ चा कॅलिफोर्नियातला गाजलेला तारासॉफ निकाल आठवतो. रुग्णानं एका तरुणीला मारण्याचा इरादा उपचारकाला सांगितला होता, पुढे तिचा खून झाला, आणि ज्याच्या जिवाला धोका आहे त्याचं रक्षण करण्याची जबाबदारी उपचारकावर येते, असं न्यायालयानं म्हटलं. आपल्या कलमानं हे मान्य केलंय. पण लगेच खालची ओळ वाचा. अपवादांच्या रांगेत बसवलेली ही ओळ अपवाद नाहीच. ती वरच्या अपवादाला घातलेला बांध आहे: जो धोका ओळखला, तो टाळायला लागेल तेवढीच माहिती द्यायची. त्यानंतर जिवावरच्या संकटाचा अपवाद, आणि त्यातही पुन्हा तीच अट. तेवढीच.

राधानगरी धरणाच्या स्वयंचलित दरवाजांकडे पावसाळ्यात पंचगंगाकाठचं प्रत्येक गाव कान लावून असतं. दरवाजे उघडले की नाही यापेक्षा किती क्युसेक सुटलं यावर इथली झोप ठरते. या कलमाला तोच हिशेब माहीत आहे. गुपित फुटलं की मग सगळंच फुटलं, असं ते मानत नाही. नवऱ्यानं आत्महत्येची तयारी केली आहे हे बायकोला सांगावं लागलं, तर घरातलं कीटकनाशक कुलपात ठेवा आणि त्याला एकटं सोडू नका, एवढं सांगायचं. त्याचं कर्ज कोणाकडून आहे, त्याच्या मनात कोण आहे, लहानपणी काय घडलं, हे आतच राहतं.

हे किती महत्त्वाचं आहे ते कळायला १९९८ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल वाचावा. 'मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड' या नावानं तो ओळखला जातो. रक्तदानाच्या वेळी एका माणसाला एचआयव्हीची लागण असल्याचं कळलं, ती माहिती रुग्णालयातून बाहेर गेली, ठरलेलं लग्न मोडलं, आणि समाजानं वाळीत टाकल्यावर त्याला ते गाव सोडावं लागलं. होणाऱ्या पत्नीचा निरोगी जगण्याचा हक्क न्यायालयानं मोठा मानला, आणि तो मोठा आहेच. पण तिला कळणं वेगळं आणि गावाला कळणं वेगळं. २०१७ च्याच एचआयव्ही-एड्स कायद्यानं हा फरक नीट आखला: आधी त्या व्यक्तीला स्वतः जोडीदाराला सांगायला तयार करायचं, ती सांगणार नाही अशी खात्री पटली तर आपण सांगणार असल्याची कल्पना तिला द्यायची, मग फक्त जोडीदाराला, समोरासमोर, समुपदेशन करून सांगायचं. आणि सांगितल्यानं बाईवर हिंसा होईल अशी शक्यता असेल तर थांबायचं.

२३ व्या कलमात सगळंच असं रेखीव नाही. शेवटचा अपवाद सार्वजनिक सुरक्षेचा आहे, आणि तिथे 'तेवढीच' हा बांध नाही. कोणी ठरवायचं, किती द्यायचं, काही नाही. इतक्या जपून चाललेला हात शेवटच्या ओळीत सैल पडावा, याचं मला वाईट वाटतं.

दुसरी उणीव मोठी आहे. कायदा बोलतो तो मानसिक आजार असलेल्या व्यक्तीबद्दल, आणि आजाराची त्याची व्याख्या गंभीर विकारांची आहे. पण समुपदेशकाकडे येणारे बहुतेक जण आजारी नसतात. लग्न जमत नाही, परीक्षेत आपटी खाल्ली, आई गेल्यापासून घर खायला उठतं, असे ते असतात. मानसशास्त्रात एम.ए. केलेला समुपदेशकही कायद्यातल्या मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या व्याख्येत बसत नाही. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी २०२१ मध्ये आयोगाचा कायदा झाला, त्यात समुपदेशकांचा उल्लेख आला. तरी गावातल्या खोलीत आजही सगळा भार पहिल्या बैठकीवर असतो. चांगला समुपदेशक ऐकायला सुरुवात करण्याआधीच सांगतो: इथलं इथंच राहील, पण तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मला बोलावं लागेल, आणि मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं मला ते कळवावंच लागतं. मर्यादा आधी सांगितल्यानं माणसं गप्प होतील अशी भीती अनेकांना वाटते. मला उलट वाटतं. 'काही झालं तरी कुणाला सांगणार नाही' असं वचन ऐकलेला मुलगा ते मोडल्यावर पुन्हा कुणापाशी बोलेल का?

बाकीची राखण बारीकसारीक गोष्टींतून होते. फाइलवर नाव नको, क्रमांक हवा. नाव आणि क्रमांकाची वही वेगळ्या कुलपात. फोनमध्ये क्लायंटचा नंबर पूर्ण नावानं साठवायचा नाही. आत बोललेलं बाहेरच्या बाकावर ऐकू येत नाही ना, हे स्वतः बसून पाहायचं. आणि घाटावर किंवा पेढ्यांच्या दुकानात क्लायंट दिसला, तर त्यानं हसेपर्यंत आपण ओळख दाखवायची नाही. मोठ्या शहरात हे सोपं असेल, वाडीत नाही.

चोविसावं कलम याच्याच पाठोपाठ येतं. आस्थापनेत उपचार घेणाऱ्याचं छायाचित्र किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना द्यायची नाही, आणि डिजिटल साठवलेल्या माहितीलाही हाच हक्क लागू. १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीला लावलेला फोन असो की व्हिडिओवरची बैठक, विचार झालेला आहे. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदाही संगणकातल्या माहितीमागे उभा आहे. पण तो कागदाला लागू नाही, आणि वाडीचा प्रश्न कागदाचा आहे.

पाणी वाढून पादुकांवरून दक्षिण दरवाजानं बाहेर पडू लागलं की इथं स्नानाला गर्दी होते. तो दक्षिणद्वार सोहळा. त्याहून वर चढलं की मात्र घरं उपसावी लागतात. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर या भागातल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहेत. अशा वेळी धान्य, कागदपत्रं, टीव्ही माडीवर चढवायला शेजारपाजारचे हात लागतात. समुपदेशकाचं कपाट कोणाच्या हातांनी वर जाणार? ओल्या झालेल्या फायली कोणाच्या अंगणात वाळत घालणार? कलमातलं कर्तव्य पाण्यानं संपत नाही. म्हणून या पट्ट्यात काम करणाऱ्यानं मे महिन्यातच ठरवावं: नोंदी थोडक्यात लिहायच्या, मुदत संपलेल्या नष्ट करायच्या, उरलेल्या जलरोधक पेटीत घालून आपल्याच हातानं हलवायच्या. निवारा छावणीत, शाळेच्या वर्गात दहा कुटुंबांच्या मधोमध बोलायची वेळ आली, तर माणसाला घेऊन व्हरांड्याच्या टोकाला जायचं आणि आवाज खाली ठेवायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार मार्गदर्शिकेतही अशा ठिकाणी खासगीपणा जपायला सांगितलंय.

आणि मग पंचविसावं कलम, ज्याशिवाय तेविसावं अर्धंच वाचल्यासारखं होतं. इतकी कुलपं लावल्यावर हे कलम फाइल खुद्द त्या माणसापुढे ठेवतं: आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहण्याचा त्याला हक्क आहे. वाचून त्याला गंभीर मानसिक इजा होईल किंवा दुसऱ्याला धोका होईल असं वाटलं, तर व्यावसायिकाला त्यातला विशिष्ट भाग रोखता येतो. पण रोखला, तर त्याविरुद्ध मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करता येतो हे त्याला सांगणंही त्याच व्यावसायिकावर बंधनकारक आहे.