ओठावरचा फोड आणि तक्त्यातला रकाना

तापातून उठलेल्या मुलाच्या ओठाच्या कडेला कधी कधी बारीक, पाणीदार फोडांचा पुंजका उठतो. घरात म्हणतात, अंगातली उष्णता बाहेर पडली. कुणी म्हणते, रात्री कोळी मुतला. शाळेतला तक्ता मात्र चार रकान्यांत निकाल देतो: रोगकारक – विषाणू, प्रसार – स्पर्श, लक्षण – फोड, उपाय – रुग्णापासून दूर राहणे. घरचे उत्तर भाबडे आणि तक्त्यातले शास्त्रीय, अशी वाटणी करणे सोपे आहे. पण या रोगाबाबत तक्त्यातले उत्तरही अपुरे पडते, असे आमचे म्हणणे आहे. ते पाठ करून वागले, तर फारसे कारण नसताना एका मुलाला मागच्या बाकावर बसवले जाते आणि ज्याला खरा धोका आहे त्याच्याकडे कुणाचेच लक्ष जात नाही.

आधी घरचे उत्तर पाहू. ताप आणि फोड यांची जोडी लोकांनी नीट हेरली आहे. न्यूमोनिया किंवा हिवताप यांच्या तापात ओठावर असे फोड उठणे डॉक्टरांच्याही परिचयाचे आहे. चुकते ते कारण लावण्यात. फोड आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू, बहुधा त्याचा पहिला प्रकार, शरीरात आधीच असतो. तो बहुतेकांना लहानपणी, घरातल्यांच्या लाळेतून मिळतो. त्या वेळी अनेकांना काहीच जाणवत नाही. काहींना तोंड येऊन ताप भरतो. मग विषाणू चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंच्या पेशींत जाऊन निपचित राहतो. तो मज्जापेशींत दडतो, असा अंदाज गुडपाश्चर यांनी १९२९ मध्ये मांडला होता. १९७० च्या दशकात प्राण्यांवरील प्रयोगांतून आणि मृत माणसांच्या मज्जागुच्छांच्या तपासणीतून त्याचा पुरावा मिळाला. ताप, जागरण, मनावरचा ताण, मासिक पाळी किंवा कडक ऊन यांनी तो जागा होतो. म्हणजे ताप हे निमित्त आहे, कारण नव्हे. निमित्त आणि कारण यांतला फरक शिकवायला याहून घरगुती उदाहरण मिळणे कठीण.

उन्हाचेच घ्या. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीत, बोर धरणाच्या परिसरात, उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तिथे कुणी या फोडांना ‘उष्णता’ म्हटले तर नवल नाही. पण विषाणूला जागे करण्यात मोठा वाटा असतो तो उन्हातल्या अतिनील किरणांचा. म्हणून थंड पदार्थ खाण्यापेक्षा डोक्यावर रुंद काठाची टोपी घेणे किंवा दुपट्ट्याने तोंड झाकणे अधिक उपयोगाचे.

आता तक्त्याकडे वळू. त्यात ‘रुग्ण’ आणि ‘निरोगी’ अशी दोनच माणसे असतात. इथे ती विभागणी टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालासाठीच्या अंदाजानुसार जगातल्या ५० वर्षांखालील सुमारे ३.८ अब्ज लोकांमध्ये, म्हणजे ६४ टक्क्यांमध्ये, या विषाणूचा पहिला प्रकार आहे. हा आकडा हिंगणीच्या एखाद्या वर्गाला जसाच्या तसा लावता येणार नाही. वय, घरातली दाटी आणि प्रदेश यांनुसार तो बदलतो. तरी एवढे उघड आहे, की फोड आलेल्या मुलाच्या आसपास हा विषाणू बाळगणारे अनेक जण असणार आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना आयुष्यात कधी फोड उठलेला नसणार. शिवाय फोड नसतानाही लाळेतून अधूनमधून विषाणू बाहेर पडतो. मग एकट्या त्या मुलाला वेगळे बसवून काय साधणार?

पण म्हणून धोकाच नाही, असेही नव्हे. जोखीम मोजताना तीन प्रश्न वेगळे विचारावे लागतात. विषाणू आत्ता किती बाहेर पडतो आहे? ज्याच्याकडे जाणार, त्याला तो आधी झालेला आहे का? आणि झालाच, तर त्याचे काय बिघडेल?

पहिल्याचे उत्तर असे: ओठाला मुंग्या येऊ लागल्यापासून खपली पडून कातडी भरेपर्यंत, साधारण ७ ते १० दिवस. त्यातही पाणीदार फोड फुटतात तेव्हा सर्वाधिक. या काळात मुका घेऊ नये. उष्टा पेला, चमचा, शिट्टी, टॉवेल दुसऱ्याला देऊ नये. मुखमैथुनातून हाच विषाणू जननेंद्रियांवर जातो, हेही मोठ्या विद्यार्थ्यांना सरळ सांगावे. शेजारी बसणे, एकत्र शिकणे यांत मात्र भीती नाही. विषाणूवर स्निग्ध आवरण असते. साबणाने ते फुटते, म्हणून फोडाला हात लागला की हात धुवावेत.

दुसऱ्याचे उत्तर: ज्याला संसर्ग होऊन गेला आहे, त्याला दुसऱ्याच्या फोडापासून नव्याने होण्याची शक्यता बरीच कमी असते.

तिसरा प्रश्न आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा, आणि तक्त्यात त्याला रकानाच नाही. धडधाकट मुलाला बहुधा आठवडाभराचा त्रास होतो. पण पहिल्या काही आठवड्यांच्या बाळाला हाच विषाणू मेंदू, यकृत यांपर्यंत पोचून प्राणघातक ठरू शकतो. बारशाला आलेल्या मावशीच्या ओठावर फोड असेल, तर तिने बाळाचा पापा घेऊ नये. हे सांगायला संकोच वाटतो; म्हणूनच ते वर्गात आधी सांगितलेले असावे. तान्हे बाळ दूध पिईनासे झाले, सुस्त पडले, त्याला ताप आला किंवा अंगावर फोड दिसले, तर वाट न पाहता त्याला मोठ्या रुग्णालयात न्यावे. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे. इसब असलेली आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेली माणसेही अशाच जोखमीची.

डोळ्याचेही तसेच. फोडाचा हात डोळ्याला लागू देऊ नये. डोळा लाल होऊन दुखू लागला, तर औषधाच्या दुकानातून थेंब आणून घालू नयेत. त्यांत स्टेरॉइड असेल, तर बुबुळावरची जखम पसरते आणि नजर जाऊ शकते.

औषध आहे. ॲसायक्लोव्हिरच्या निर्मितीत मोठा वाटा असलेल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हे औषध विषाणूची वाढ रोखते, पण मज्जापेशीत दडलेल्याला हुसकावत नाही. ओठावरच्या साध्या फोडाला बहुधा ते लागतही नाही. बाळाच्या आणि डोळ्याच्या बाबतीत मात्र ते वेळेवर मिळण्यावर सगळे अवलंबून असते.

तक्ते फाडून टाका, असे आम्ही म्हणत नाही. त्यांत एक रकाना वाढवा: ‘कोणाला, किती धोका?’ तो भरताना मुले एकमेकांशी वाद घालतील, आणि त्या वादातच वर्गातल्या फोडवाल्या मुलाला आपला बाक परत मिळेल.