राखीव प्रतीचा अपुरा धडा

'बॅकअप म्हणजे माहितीची दुसरी प्रत. ती क्लाऊडवर ठेवली की माहिती सुरक्षित.' संगणकाच्या तासाला हे वाक्य सर्रास सांगितले जाते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. त्या प्रतीतून माहिती पूर्ववत मिळवता येते का, हा खरा प्रश्न त्यात येतच नाही.

सोलापूरच्या विद्यार्थ्यांना तो समजावणे सोपे आहे. जेकार्ड मागावर चादरीची नक्षी भोके पाडलेल्या कार्डांच्या माळेत साठवलेली असते. कोणते उभे धागे उचलायचे, हे भोकांवरून ठरते. चादर फाटली तरी कार्डे असतील तर तीच नक्षी पुन्हा विणता येते. मात्र कार्डांचा क्रम बिघडला किंवा नव्या यंत्राला जुनी कार्डे बसेनाशी झाली, तर कपाटातली माळ म्हणजे नुसता पुठ्ठाच.

संगणकात नेमके हेच घडते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून मुख्य माहितीसाठा पुसला गेला. रोजच्या राखीव प्रती शोधल्या तर त्या तयारच होत नव्हत्या! प्रत काढणारी आज्ञावली जुन्या आवृत्तीची होती आणि माहितीसाठा नव्या आवृत्तीचा. बिघाडाची सूचना देणारी पत्रेही पोचत नव्हती. योगायोगाने सहा तासांपूर्वी चाचणीसाठी काढलेली एक प्रत हाती लागली. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या. सोय अनेक प्रकारची होती, तिची परीक्षा कोणी घेतली नव्हती.

क्लाऊडवरील माहितीच्या कोठारांना, म्हणजे डेटा वेअरहाऊसना, 'मागच्या वेळेला परत जाण्याची' सोय असते. गूगलच्या बिगक्वेरीत ती जास्तीत जास्त सात दिवसांची आहे. स्नोफ्लेकमध्ये मुळात एक दिवस, आणि वरच्या श्रेणीच्या ग्राहकाने मुदत वाढवून घेतली तर नव्वद दिवसांपर्यंत. आता विचार करा. पाचवीच्या यादीत जन्मतारखांचा रकाना चुकून एक ओळ खाली सरकला आणि ते दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना लक्षात आले, तर ही मुदत केव्हाच संपलेली असेल. शिवाय रोज जुन्या प्रतीवर नवी प्रत चढवली जात असेल, तर चूकही इमानेइतबारे राखून ठेवली जाते! म्हणून महिन्याच्या आणि वर्षाच्या प्रती वेगळ्या जपाव्या लागतात.

दुसरी गोष्ट, जुनी प्रत चालू नोंदींवर सरळ चढवू नये. तसे केल्यास मधल्या काळातील खऱ्या नोंदीही पुसल्या जातात. ॲमेझॉनच्या रेडशिफ्टमध्ये स्नॅपशॉटवरून नवा, वेगळा साठा उभा राहतो. दोन्ही साठे ताडून हवे तेवढेच मुख्य साठ्यात आणता येते. हा विवेक यंत्र करीत नाही, माणसाला करावा लागतो.

हे संगणकापुरते नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली आणि असंख्य फायली जळाल्या. त्या पुन्हा उभ्या करण्यासाठी इतर कार्यालयांतील प्रतींचा आधार घ्यावा लागला. प्रत दुसऱ्या ठिकाणी असणे आवश्यकच, पण ती शोधून, जुळवून पुन्हा फाईल करणे हे वेगळे आणि वेळखाऊ काम आहे.

शाळेच्या जनरल रजिस्टरातील जन्मतारखेवर आणि जातीच्या नोंदीवर मुलांचे दाखले, सवलती आणि पुढे जात पडताळणी अवलंबून असते. ही माहिती संगणकावर नेताना 'बॅकअप आहे ना?' एवढेच विचारून थांबू नये. वर्षातून एकदा राखीव प्रत दुसऱ्या संगणकावर उघडावी, एकूण नोंदी मोजाव्यात आणि दहा मुलांची नावे, जन्मतारखा मूळ रजिस्टराशी ताडून पाहाव्यात. किती वेळ लागला तेही लिहून ठेवावे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून बनावट नावांच्या यादीवर हाच प्रयोग करून घेता येईल. उघडून न पाहिलेल्या प्रतीला बॅकअप म्हणू नये, एवढे त्यांना समजले तरी धडा पुरा झाला.