गाण्याला काम हवं

‘बालगंधर्व’ (२०११), ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) आणि ‘मी वसंतराव’ (२०२२) या तिन्ही चित्रपटांनी आपापल्या गायकाला सर्वोत्कृष्ट पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. आनंद भाटे, महेश काळे आणि राहुल देशपांडे यांच्या गायकीबद्दल शंका घ्यायला जागा नाही. तरीही चित्रपट म्हणून या लाटेने निराशाच केली. उलट ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हा ना संगीताचा, ना भव्यतेचा आव आणणारा विनोदी चित्रपट आजही पुन्हा पुन्हा पाहिला जातो. याचा दोष प्रेक्षकांच्या अभिरुचीला देणं सोपं आहे, पण फरक रचनेत आहे. आपल्या उत्तम विनोदपटांत प्रत्येक गोष्टीला, अगदी गाण्यालाही, नेमून दिलेलं काम असतं. संगीतपटांत मात्र गाण्याचा मान वाढला आणि त्याचं काम गेलं.

‘कट्यार’च पाहावी. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या १९६७च्या नाटकात मोठी नाट्यमय शक्यता आहे: ज्या खाँसाहेबांमुळे गुरूचं घराणं उद्ध्वस्त झालं, त्यांचीच विद्या सदाशिवला हवी आहे. द्वेष आणि ओढ एकाच गळ्यात नांदणार असतील, तर ते शिकणं, ते चोरून ऐकणं, ती न जमणारी तान हाच कथेचा गाभा ठरतो. चित्रपट तिथे फारसा रेंगाळत नाही. त्याला दरबार, जुगलबंदी आणि जिंकणं-हरणं अधिक जवळचं वाटतं. गाणं तयार होऊन येतं, कॅमेरा माना डोलावणाऱ्यांकडे वळतो, टाळ्या होतात आणि कथा होती तिथूनच पुढे सुरू होते. अशी गाणी चित्रपटातून उचलून वेगळी ऐकली तरी काही बिघडत नाही. म्हणूनच ती वेगळी ऐकली जातात आणि चित्रपट मागे पडतो. ‘संगीत मानापमान’ (२०२५) या चित्रपटात हेच अधिक ठळक झालं. खाडिलकरांच्या १९११च्या नाटकाचा जीव वेषांतराच्या गमतीत आहे: गरीब म्हणून धैर्यधराला झिडकारणारी भामिनी वनमाला होऊन त्याच्यासमोर येते आणि स्वतःच्याच अहंकाराच्या कचाट्यात सापडते. नव्या चित्रपटात राजेशाही थाटाचा भार इतका वाढला, की त्याखाली ही खोडकर चाल दबून गेली.

याउलट ‘बनवाबनवी’ची बांधणी तपासावी. घरमालकीण केवळ जोडप्यांनाच जागा देणार, म्हणून चारपैकी दोन मित्र बायका होतात. या एका खोट्यातून दुसरं आणि दुसऱ्यातून तिसरं खोटं निघत जातं. पार्वती झालेल्या परशुरामाचं ‘गरोदरपण’ निभावताना चक्क डोहाळजेवणाचं गाणं येतं, आणि ते गाणं म्हणजे कथेतली विश्रांती नसून त्या बनावाचं शिखर असतं. ते काढलं तर विनोदाचा एक मजलाच कोसळेल. लेखक वसंत सबनीस हे ‘विच्छा माझी पुरी करा’ आणि ‘सोंगाड्या’चेही लेखक. सोंग घ्यायचं, ते प्रेक्षकाला आधीच सांगून टाकायचं आणि मग ते टिकवताना होणारी तारांबळ दाखवायची, ही लोकनाट्याची रीत त्यांच्या हाडात मुरलेली होती. त्याही आधी, आचार्य अत्र्यांनी लिहिलेल्या आणि मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेल्या ‘ब्रह्मचारी’त (१९३८) मीनाक्षी शिरोडकरांचं पोहण्याच्या पोशाखातलं गाणं गाजलं ते केवळ धाडसामुळे नव्हे. नायकाने घेतलेल्या ब्रह्मचर्याच्या शपथेवरच ते गाणं चाल करून जातं.

यावर पहिला आक्षेप असा, की गायकाच्या चरित्रात गाणं मैफलीतच किंवा रंगमंचावरच येणार; त्याला दुसरं कोणतं काम देणार? याचं उत्तर प्रभातने १९३६ सालीच देऊन ठेवलं आहे. ‘संत तुकाराम’ हेही चरित्रच. पण त्यात विष्णुपंत पागनीसांचा साधा, कामाधामात मिसळलेला अभंग आणि सालोमालोचं नटवं गाणं यांच्यातल्या अंतरातूनच भक्ती आणि ढोंग यांचा संघर्ष उभा राहतो. कोण खरं हे संवादाआधी कानाला कळतं. रंगमंचही अडचणीचा नाही. ‘नटरंग’मध्ये (२०१०) गाणी बव्हंशी फडावरचीच आहेत, पण पैलवानी देहाचा गुणा नाच्या म्हणून उभा राहतो तेव्हा प्रत्येक हालचालीत त्याने मोजलेली किंमत दिसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: या संगीतपटांमुळे नव्या पिढीला नाट्यसंगीताची गोडी लागली. हे खरं आहे आणि ती मोठी सांस्कृतिक कमाई आहे. पण तो संगीताचा विजय झाला. त्याचे गुण चित्रपटाच्या खात्यावर जमा करता येत नाहीत. तिसरा आक्षेप स्मरणरंजनाचा. जुने सगळेच विनोदपट काही थोर नव्हते. अंगविक्षेपांवर आणि बायकांच्या टिंगलीवर निभावून नेलेले चित्रपट त्या काळातही भरपूर निघाले, आणि ‘बनवाबनवी’तलेही काही विनोद आज खटकतात. मात्र ते खटकूनही चित्रपट तगतो, यावरून त्याच्या सांगाड्याची ताकदच सिद्ध होते.

मराठीत संगीत आणि विनोद हे मुळात सवते सुभे नव्हतेच. देवलांचं ‘संशयकल्लोळ’ एकाच वेळी दोन्ही आहे. आज मात्र संगीतपट काढायचा म्हटलं की निर्मात्यांना प्रथम थोरवी आठवते: दिवंगत गायक, लुप्त वैभव, दरबारी झुंबरं. थोरवीपुढे प्रेक्षक हात जोडतो, आणि हात जोडलेल्या प्रेक्षकाकडून चुका काढल्या जात नाहीत, ही सोय झाली. विनोदपटाला ती सवलत कधीच मिळत नाही; हसू आलं नाही तर प्रयोग तिथेच पडतो. संगीतपटालाही तशीच कठोर परीक्षा लावायला हवी. गाणं संपल्यावर कथेतलं कोणतंही माणूस बदललं नसेल, तर गायक कितीही मोठा असो, ते गाणं संकलकाच्या टेबलावरच थांबायला हवं होतं.