यंत्राचे ‘कळणे’ : एक व्याकरणिक परीक्षण

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कल्याणजवळची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांचा आश्रय झाली आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणी संपली, ‘कॅम्प’ हा शब्द मात्र राहिला. ‘उल्हासनगर कॅम्प २’ असा पत्ता सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आज सैन्याचा तळ उभा राहत नाही. रूढ झालेला शब्द आपला मूळ अर्थ असा निमूटपणे टाकून देतो. सर्वच शब्द मात्र इतके निरुपद्रवी नसतात. संवेदक, छोटे नियंत्रक आणि न्यूरल नेटवर्क, म्हणजे चेताजाल, यांचे प्रयोग घरच्या घरी करणाऱ्या हौशी मंडळींच्या बोलण्यात ‘याला आपोआप कळते’ हे वाक्य हटकून येते. त्या वाक्याचे परीक्षण येथे योजिले आहे.

‘मी मोजतो’, ‘मी ओळखतो’ या वाक्यांत कर्ता प्रथमेत असतो. ‘मला कळते’, ‘मला आठवते’, ‘मला थंडी वाजते’ यांत मात्र ‘ला’ हा प्रत्यय येतो. येथे मनुष्य क्रिया करीत नाही. त्याच्या ठायी ती घडते. करणे आणि अनुभवणे यांतील हा भेद मराठीने असा व्याकरणातच नोंदविला आहे. उल्हासनगरात मराठीच्या शेजारी नांदणाऱ्या सिंधीतही तो आढळतो. ‘मूंखे ख़बर आहे’ या सिंधी वाक्यातील ‘खे’ हा मराठी ‘ला’चेच कार्य करतो, ‘आहे’ तर दोन्ही भाषांत एकच. म्हणून या गावातील मुलगा कोणत्याही भाषेत आपल्या यंत्राचे कौतुक करो, तो त्यास नकळत अनुभव बहाल करतो.

वस्तुतः तेथे काय घडते? कॅम्प २ मधील एखाद्या सज्जात तुळशीला आपोआप पाणी घालणारे साधन बसविले आहे, असे समजू. मातीत धातूचे दोन दांडे खोचलेले असतात. माती ओली असली की त्यांमधून वीज सुलभतेने वाहते, कोरडी असली की अडते. इटलीत २००५ साली निघालेल्या आर्डुइनो मालिकेतील ‘उनो’ नावाचा बोर्ड त्या विद्युत्‌दाबाचे ० ते १०२३ यांपैकी एका आकड्यात रूपांतर करतो. माणसाने ठरविलेली मर्यादा आकड्याने ओलांडली की पंप चालू होतो. येथे ‘कळणे’ कोठेच नाही. मोजणे आहे, आणि मर्यादा ठरविणारा माणूस आहे.

कालांतराने हे दांडे विद्युत्‌-अपघटनाने झिजतात. ओल्या मातीतूनही वीज अडू लागते, माती कोरडी असल्याचा आकडा येतो आणि पंप पाणी ओततच राहतो. तुळस कुजते. तेव्हा उद्गार निघतो : ‘त्याला कळलेच नाही.’ ज्या ‘ला’ने काल यंत्राला शहाणे ठरविले, तोच आज त्याला दोषी ठरवून करणाऱ्याला सोडवितो. दांडे तपासावयाचे राहून गेले, हे वाक्य मग कोणीच उच्चारीत नाही.

‘शिकणे’ या क्रियापदाचा न्याय मात्र वेगळा करावा लागतो. ‘मी चिन्ह ओळखले’ असे म्हणतात, पण ‘मी धडा शिकलो’. ‘मी दूध प्यालो’ हेही तसेच. सकर्मक असूनही या क्रियापदांचा भूतकाळ कर्त्यानुसार चालतो. ज्यांचे फळ कर्त्याच्याच अंगी लागते, अशा काही क्रियांना मराठी असे निराळे वागविते. चेताजालाच्या बाबतीत हे वर्णन बरेचसे यथार्थ ठरते. मॅक्कुलक व पिट्स यांनी १९४३ साली चेतापेशीची गणिती प्रतिकृती मांडली. रोझेनब्लाट यांनी १९५८ साली मांडलेल्या ‘पर्सेप्ट्रॉन’मध्ये उदाहरणागणिक जोडण्यांचे भार बदलण्याची सोय आली. खिडकीवरील कबुतरे ओळखण्यास शिकविलेल्या जाळ्यात खरोखरच बदल घडतो. तेव्हा ‘जाळे शिकले’ म्हणण्यास व्याकरणाची हरकत नसावी. तथापि ‘शिकणे’ म्हटले की ‘शिकविणे’ आलेच. सर्व छायाचित्रे भर दुपारची दिली असतील, तर तिन्हीसांजेला होणारी चूक शिकविणाऱ्याच्या पदरी पडते.

यावर असा आक्षेप येईल की, ‘भिंतीला ओल आली’ असे आपण सहज म्हणतो. त्याने भिंत सचेतन होत नाही. आक्षेप बरोबर आहे. तेथे ‘ला’ केवळ आश्रय दाखवितो, कारण ‘ओल येणे’ यात जाणिवेचा अंश नाही. ‘कळणे’ या क्रियापदाचा अर्थच जाणीव हा आहे. दोष प्रत्ययाचा नसून प्रत्यय आणि क्रियापद यांच्या जोडणीचा आहे.

पारिभाषिक शब्दांविषयीचा आपल्याकडील वाद बहुधा नामांवरच होतो : ‘सेन्सर’ म्हणावे की ‘संवेदक’. यांपैकी ‘संवेदक’ या शुद्ध संस्कृत शब्दानेच यंत्राच्या पदरात संवेदना टाकली आहे, हे फारसे कोणी पाहत नाही. परका ‘सेन्सर’ मराठी कानाला निदान मुका तरी आहे. ‘कॅम्प’सारखाच तो निमूटपणे रुळेल. नाम कोणतेही घ्यावे. जपावयाचे ते क्रियापद होय. ‘आकडा मर्यादेपलीकडे गेला आणि पंप सुरू झाला, मर्यादा अमक्याने ठरविली’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे यंत्र कमी अद्भुत ठरेल, परंतु तुळस का कुजली, हे त्याला कळेल. तेथे ‘ला’ आणि ‘कळणे’ ही दोन्ही आपल्या योग्य जागी असतील.