कचाचा नकार आणि कचाचा शाप

महाभारताच्या आदिपर्वातील कच-देवयानीचे आख्यान हरदास-पुराणिकांच्या मुखी ऐकताना देवयानीच्या वाट्याला बहुधा निंदाच येते. कच संयमी, देवयानी मानिनी, असा निकाल आधीच लागलेला असतो. मूळ संवाद तपासला असता हा निकाल एकतर्फी आहे, असे आम्हांस वाटते.

कच संजीवनी विद्येसाठी शुक्राचार्यांच्या आश्रमात आला. गीत, नृत्य आणि फुले-फळे यांनी त्याने देवयानीस दीर्घकाळ प्रसन्न ठेवले. दोघांचे सख्य जुळले. असुरांनी त्याला वारंवार मारले, आणि पित्याजवळ हट्ट धरून तिने त्याला परत आणविले. निरोपाच्या वेळी तिने पाणिग्रहणाची मागणी केली. तू गुरुकन्या, म्हणून मला पूज्य, हे कचाचे पहिले उत्तर. तू माझ्या पित्याचा पुत्र नव्हेस, असे सांगून तिने ते खोडून काढले. तेव्हा कचाने दुसरा मुद्दा पुढे केला: शुक्राच्या उदरात मीही राहिलो आहे, सबब तू माझी बहीण.

दोन्ही मुद्दे कायदेशीर आहेत. मात्र स्वतःचे मन काय म्हणते, हे कच कोठेच सांगत नाही.

नकार देण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता. उपकाराचे ऋण विवाहाने वसूल करता येत नाही. देवयानी चुकली ती येथेच, आणि कचाची विद्या निष्फळ होईल हा तिचा शाप त्याच चुकीचे फळ. परंतु कोणीही ऋषिपुत्र तुला वरणार नाही, हा कचाचा प्रतिशाप कोणत्या न्यायाने समर्थनीय ठरतो? आपली विद्या शिष्याकरवी फळास येईल, अशी तोड त्याने स्वतःपुरती लगेच काढली. देवयानीला तोड उरली नाही. ययातीच्या घरी तिचे पुढे काय झाले, ते सर्वश्रुत आहे.

खाडिलकरांच्या ‘विद्याहरण’ (१९१३) नाटकात मद्यपानाच्या अनर्थाचा विषयच अधिक ठसतो. रवींद्रनाथांनी ‘बिदाय-अभिशाप’मध्ये मात्र प्रतिशाप काढून तेथे सुखाचा आशीर्वाद ठेवला. आमच्या मते मूळ आख्यानावरील हीच सर्वांत मार्मिक टीका होय. जिच्या हट्टाने प्राण परत मिळाले, तिला नाही म्हणावे लागले, तरी तिचे अकल्याण चिंतू नये, एवढे सख्याचे ऋण उरतेच. हे आख्यान रंगविताना हरदासांनी देवयानीच्या शापाबरोबर कचाचा शापही तोलून दाखवावा.