बंद दारे आणि पेटता भोपळा

दर वर्षी ३१ ऑक्टोबरच्या सायंकाळी अमेरिकेत हॅलोविन साजरा होतो. ख्रिस्ती पंचांगातील १ नोव्हेंबरच्या सर्व-संत-दिनाची ही पूर्वसंध्या. भुताखेतांची सोंगे घेऊन मुलांनी दारोदार जावे, ‘खाऊ द्या, नाही तर खोडी काढू’ असा पुकारा करावा आणि गोड गोळ्यांनी झोळी भरून परतावे, हे या सणाचे सर्वपरिचित रूप होय. परंतु अनेक वस्त्यांतून ही फेरी ओसरत चालली आहे. कित्येक ठिकाणी मुले आता वाहनतळावर ओळीने उभ्या केलेल्या मोटारींच्या डिक्कीतून खाऊ गोळा करतात. इकडे घराच्या पायरीवर कोरलेल्या भोपळ्यात दिवा लावून, खाऊचे भांडे पुढ्यात घेऊन एखादे प्रौढ जोडपे वाट पाहत बसते आणि दारावरची घंटा काही वाजत नाही. मुलेच येत नाहीत, तर मोठ्यांच्या या उत्साहास पोरकटपणा म्हणावे काय? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर या सणावरील चार कलाकृतींत सापडते, आणि म्हणून त्यांचा येथे एकत्र विचार करीत आहो.

पहिली कृती रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीची. १७८५ साली लिहिलेली त्याची ‘हॅलोविन’ ही दीर्घ कविता पुढच्या वर्षी त्याच्या पहिल्या संग्रहात प्रसिद्ध झाली. तीत शेतकऱ्यांची तरुण पोरे-पोरी एका घरी जमतात. डोळे मिटून कोबीच्या जातीच्या भाजीचा दांडा उपटायचा आणि तो सरळ निघतो की वाकडा यावरून भावी जोडीदाराची ठेवण ताडायची. एका जोडप्याच्या नावाने दोन कवचीची फळे विस्तवात ठेवायची आणि ती शेजारी शांतपणे जळतात की उडून दूर पडतात ते पाहायचे, असे त्यांचे खेळ चालतात. भुतांना न भिण्याची बढाई मारणारा गडी अंधारात एका डुकराला पाहून गर्भगळित होतो. नात आरशापुढे सफरचंद खाण्यास आजीची सोबत मागते, तेव्हा आजी तिची खरडपट्टी काढते. बोलीच्या जाडीमुळे ही कविता आज वाचण्यास कष्ट पडतात. कवीनेच तीस टिपा जोडल्या आहेत. पण एक गोष्ट लख्ख दिसते: येथे दारोदार खाऊ मागणारे एकही मूल नाही. सण आहे तो लग्नाच्या वयाच्या मंडळींचा आणि त्यांच्या आजीचा. मोठी माणसे आज मुलांच्या सणात घुसली आहेत, हा आक्षेप त्यामुळे मुळातच टिकत नाही.

दुसरी कृती चित्रपट आहे. व्हिन्सेंट मिनेली यांचा ‘मीट मी इन सेंट लुइस’ हा १९४४ चा बोलपट १९०३ सालच्या मध्यमवर्गीय कुटुंबाची कथा सांगतो. त्यातील हॅलोविनची मुले गोळ्या मागत नाहीत. दार उघडणाऱ्याच्या तोंडावर पीठ फेकून पळतात. सर्वांत धाकटी टूटी एकटीच सर्वांत भयंकर समजल्या जाणाऱ्या शेजाऱ्याच्या दारी जाते, आणि परतल्यावर रस्त्यातील होळीभोवती जमलेली मुले तिचा जयजयकार करतात. शिमग्याच्या होळीसाठी दुसऱ्याची लाकडे पळविलेल्या वाचकांस हा प्रसंग परका वाटणार नाही. बाकीचा चित्रपट गोडगोड आहे. एवढा भाग मात्र बालपणातील खऱ्या भीतीस हात घालतो.

खाऊची प्रथा देशभर रुजली ती त्यानंतर. युद्धकाळातील साखरेचे नियंत्रण १९४७ साली उठले आणि नव्या उपनगरांतून मुलांच्या झुंडी निघू लागल्या. त्या भरभराटीच्या काळाचे चित्र चार्ल्स शुल्ट्झ यांच्या व्यंगचित्रमालेवरून काढलेल्या १९६६ च्या दूरदर्शनपटात आहे. चार्ली ब्राउनच्या झोळीत प्रत्येक दारी खाऊऐवजी दगड पडतो. त्याचा मित्र लायनस भोपळ्यांच्या मळ्यात महाभोपळ्याच्या दर्शनासाठी रात्रभर बसतो आणि दर्शन घडत नाही. पहाटे चार वाजता त्याची बहीण लूसी, एरवी तोंडाची फटकळ, उठून थंडीत कुडकुडणाऱ्या भावास घरी आणून निजविते. आमच्या मते साऱ्या चित्राचा प्राण त्या एका मूक कृतीत आहे.

मग दारे का मिटली? परक्याच्या हातचा खाऊ विषारी असेल, ही भीती हे एक कारण. १९७४ साली टेक्सास राज्यात आठ वर्षांचा एक मुलगा अशा खाऊने दगावला खरा. पण विष घालणारा त्याचा जन्मदाता बाप होता. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने १९५८ पासूनच्या वृत्तपत्रीय बातम्या तपासल्या. अनोळखी घरच्या खाऊने मूल दगावल्याचे वा गंभीर जखमी झाल्याचे एकही खात्रीचे उदाहरण त्यास आढळले नाही. म्हणजे शेजाऱ्याविषयीचा अविश्वास अनुभवातून आलेला नसून ऐकीव वार्तेतून आला आहे.

चौथी कृती रे ब्रॅडबरी यांची ‘द हॅलोविन ट्री’ ही १९७२ ची कादंबरी. आठ मुले आजारी मित्राच्या शोधार्थ इजिप्त, प्राचीन ब्रिटन, पॅरिसचे नोत्र दाम आणि मेक्सिको अशी भ्रमंती करतात. शेवटी प्रत्येकजण आपल्या आयुष्याचे अखेरचे एक वर्ष देऊन त्याचा जीव सोडवितो. लेखकाची भाषा अलंकारांनी ओथंबते, आणि साऱ्या जगाचे मृतांचे विधी त्याने एकाच सणाच्या पंक्तीस बसविले आहेत. हे दोष आम्ही झाकीत नाही. तथापि मागण्याच्या सणाचे देण्याच्या सणात रूपांतर करणारी ही कल्पना थोर आहे, आणि ती एका पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाची आहे.

तेव्हा प्रौढांचा हक्क निर्विवाद ठरतो. पण या कृती दुसरीही एक गोष्ट सांगतात. बर्न्सचे खेळ घरभर माणसांत चालतात, टूटी होळीकडे परतते, लायनसला न्यायला बहीण येते, ब्रॅडबरीची मुले आठजण मिळून निघतात. एकट्याने दार लावून भयपट पाहणे व बाजारी सजावट टांगणे म्हणजे हा सण नव्हे. मुले येत नसतील, तर मोठ्यांनी उठून शेजाऱ्याची घंटा वाजविली पाहिजे. बदलीच्या गावी, जेथे आपली भाषा जाणणारी तीनच घरे असतात, तेथे कोजागरीचे दूध आटवून त्या तिन्ही घरांस बोलाविणाऱ्या आमच्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको.